रंगाखालचं नाव

मी पाटी बोलतेय. अल-काफ गावातल्या चढावर, बेकरीशेजारच्या निळ्या दारावर मी टांगलेली आहे. माझ्यावरची पांढरी अक्षरं तुम्ही वाचली असतील. मी त्यांच्या खाली आहे.

हादी रंगाऱ्याने जुन्या पिंपाचा पत्रा ठोकून मला सपाट केलं आणि हिरव्या रंगात लिहिलं, 'मन्नूबियाचं घर'. मन्नूबिया शिवणकाम करायची. तिचा मुलगा जन्मापासून बहिरा. शाळेने घेतला नाही, तेव्हा तिने आपल्या शिवणाच्या खोलीतच गावातली बहिरी मुलं जमवली. पाच वर्षांनी ती आजारपणात गेली. धाकट्या बहिणीने, जलीलाने, काम सोडलं नाही.

मग राजधानीतल्या 'बयान' या मोठ्या संस्थेचे शिहाब आले; आमच्याकडे आदराने 'सी शिहाब' म्हणतात. "आमच्याशी जोडून घ्या. खुणांची भाषा शिकवणारी शिक्षिका पाठवतो, कान तपासायचं यंत्रही देतो."

जलीलाचा चेहरा उजळला. मग त्यांनी नावाचा नियम सांगितला.

"ताई, तुमचा गट स्वतंत्र, म्हणून 'शाखा' लिहायचं नाही. माणसाचं नाव तर नाहीच. आधी 'बयान', मग 'संलग्न स्वतंत्र मंडळ', शेवटी गाव."

"म्हणजे नाव तुमचं, आणि काही बिघडलं तर निस्तरायचं आम्ही."

सी शिहाब ओशाळले. "नियम मी केलेला नाही हो. चहा मात्र छान झालाय."

"चहाही मन्नूबियाच्या हातच्यासारखा आहे. त्यालाही संलग्न म्हणायचं का?"

पण अकरा मुलांना शिक्षिका हवी होती. जलीलाने सही केली.

हादीने मला उतरवलं. "जुनं खरवडून काढू का?"

जलीलाने हिरव्या अक्षरांवरून हात फिरवला. "नको. वरूनच रंग दे."

तेव्हापासून माझा जीव कोंडलाय. ऊन वरच्या रंगावर पडतं आणि मी आत भाजते. येणारेजाणारे नवं नाव मोठ्याने वाचतात, 'अल-काफ'पाशी अडखळतात, कारण ते कोपऱ्यात कसंबसं बसवलंय. मला हाक मारता येत नाही.

शिक्षिका आली. बाई चांगली आहे. पहिल्याच दिवशी उंबऱ्यात उभं राहून तिने मुलांना खुणेने विचारलं, या जागेचं नाव काय?

अकराही जणांनी बोट हनुवटीच्या डाव्या बाजूला टेकवलं. तिथे मन्नूबियाला तीळ होता. यातल्या निम्म्या मुलांनी तिला पाहिलेलंही नाही.

शिक्षिकेने मान वर करून माझ्यावरचं नवं नाव वाचलं. मग स्वतःचं बोट हनुवटीला लावलं.

मला खरवडून मोकळं करा, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर शिक्षिका परत जाईल. पण हादी पुढच्या वर्षी मला पुन्हा रंगवायला डबा घेऊन येईल, तेव्हा कुणीतरी त्याला सांगा, रंगाचा हात जरा पातळ दे.