लोर्नाचं ‘ये’

वळणाशी पोचताच मी मार्थाचा लगाम ओढला, तशी तिच्यामागची चारही खेचरं थांबली. वर वाटेवर पोरं कामाला लागली होती, आणि पोरांच्या हातात धारेची अवजारं असताना जनावरं मध्ये घालायची नाहीत, एवढी अक्कल मला तीस वर्षांत आली आहे. मार्थाच्या पाठीवर तुकडीचा आठवड्याचा शिधा होता. मी टोपी काढून कपाळ पुसत उभा राहिलो, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं. दिसण्यापेक्षा वाईट म्हणजे, ऐकूही आलं.

तुकडीची प्रमुख लोर्ना माझ्याकडे पाठ करून चर खणत होती. तीन वर्षांपूर्वीच्या वणव्यात हा डोंगर जळून गेला, तेव्हापासून पाणी सरळ वाटेवरूनच धावतं आणि वाट खात जातं. ते बाजूला काढायचं तर असे आडवे चर हवेत. तिच्या हातात एका तोंडाला कुऱ्हाड आणि दुसऱ्या तोंडाला कुदळ असलेलं लांब दांड्याचं अवजार होतं. शेल्बी नावाची चौदा वर्षांची पोरगी खडीची बादली घेऊन ओढ्याकडून आली, लोर्नाच्या मागे दहा पावलांवर थांबली आणि म्हणाली, “येऊ?”

लोर्नानं अवजार जमिनीवर टेकवलं. “ये.”

बादली सांभाळत शेल्बी वाटेच्या कडेकडेनं निघाली. पण लोर्ना पाहत होती ती समोर. तिकडे जोना नावाचा एक मुलगा रिकामी बादली घेऊन उभा होता आणि मानेवरचा डास शोधत होता. लोर्ना त्याची वाट पाहत थांबली. तो काही हलेना. तेव्हा तिनं मान हलवली आणि अवजार पुन्हा उचलून खांद्यावरून मागे नेलं. शेल्बी नेमकी तिथे पोचली होती. मागच्या बाजूची कुऱ्हाड तिच्या दंडाला चाटून गेली.

मी ओरडलो, पण तोवर बादली दरीत गडगडत गेली होती.

जखम बोटभर लांब होती, फार खोल नव्हती. लोर्नानं ती धुतली, कडा जुळवून पट्ट्या लावल्या. तिचे हात अगदी स्थिर होते. आमच्या मोंटानात आडदांड पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत, पण रक्त पाहून असे हात राहिलेले फार थोडे. तिचा मदतनीस कोल्टन धावत खाली आला. एकवीस वर्षांचा, नियमाला पक्का. तो शेल्बीसमोर उकिडवा बसला आणि विचारू लागला.

“‘येऊ’ म्हणालीस?”

“म्हणाले.”

“उत्तर आलं?”

शेल्बीनं लोर्नाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. लोर्ना पट्टीचं टोक दाबत होती, तिनं मान वर केली नाही.

“मला वाटलं, आलं,” शेल्बी म्हणाली. मग खाली बघत, “नसेल आलं.”

या कामात एकच नियम असा आहे की त्याला माफी नाही. ‘येऊ’ विचारायचं, ‘ये’ ऐकायचं, मगच पाऊल उचलायचं. उत्तराशिवाय जो जातो त्याला घरी पाठवतात, मग तो कुणी का असेना. नियम तुकडीच्या संस्थेचा असला तरी या खोऱ्यात तो रुजवला लोर्नानं. चोवीस उन्हाळे ती अशी चौदा-पंधरा वर्षांची पोरं घेऊन डोंगरात येते. पाच आठवडे तंबूत राहायचं, वाटा दुरुस्त करायच्या, दगडाच्या पायऱ्या बसवायच्या. हिवाळ्यात ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, पण ते ती कुणाला सांगत नाही. विचारलं तर म्हणते, मी वाटा करते.

शेल्बीच्या अर्जावर शाळेनं शेरा मारला होता: ऐकत नाही. जूनमध्ये तो कागद मला दाखवून लोर्ना हसली होती. पोरगी पहिल्या आठवड्यात अवजार हातात घेऊन धावली आणि तिला ताकीदही मिळाली. पण नंतर दगडाच्या कामाला लागली आणि एकदम शांत झाली. लोर्ना म्हणायची, हिला दगड कळतो, शिकवावं लागत नाही. पुढच्या उन्हाळ्यात हिला मोठ्या मुलांच्या तुकडीत घ्यायचं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. घरी पाठवलं की तेही संपलं. एकदा परत पाठवलेल्या मुलाला संस्था पुन्हा घेत नाही.

लोर्नाच्याच हातून झालं होतं, म्हणून कोल्टननं ठरवून टाकलं. सहा वाजता वायरलेसवर ऑफिसला कळवायचं आणि उद्या सकाळी शेल्बीनं माझ्या खेचरांबरोबर खाली जायचं. दवाखाना, आणि तिथून घर. तो वाईट मुलगा नाही. त्याला जे सांगितलं गेलं त्यावर त्यानं निर्णय घेतला. खरं सांगू शकणारा माणूस मी होतो, आणि मी मार्थाच्या पाठीवरचं ओझं सोडायला गेलो.

मला लाज वाटते, पण लिहितो. लोर्नाचा डावा कान गेला आहे हे मला दीड वर्षापासून ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं, दात काढून आल्यासारखं, सहज. उजवा पुष्कळ झाला, म्हणाली. एकाच कानानं ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डॉक्टरनं तिला सांगितलेलं असणार. ऑफिसला तिनं कळवलं नाही, मीही नाही. कळवलं असतं तर तिचे उन्हाळे तिथेच संपले असते, आणि तिच्या आयुष्यात उन्हाळ्याशिवाय फारसं काही नव्हतं. नवरा आयडाहोत निघून गेला त्याला आता वीस वर्षं झाली.

चार वाजता ती ओढ्याकाठी अवजारांना धार लावत बसलेली दिसली. खरं तर ते काम पोरांचं. मी जाऊन समोरच्या ओंडक्यावर बसलो. तिची कानस पात्यावर फिरत होती.

“डेल,” ती म्हणाली, “तू वळणावर होतास.”

“होतो.”

“मी ‘ये’ म्हणाले?”

मला वाटलं होतं की तिला ठाऊक आहे आणि ती गप्प आहे. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं, थोडा रागही करता आला असता. पण तिला खरंच ठाऊक नव्हतं. चोवीस वर्षं दिवसातून दोनशे वेळा उच्चारलेला शब्द, तो आता श्वासासारखा आपसूक बाहेर पडत होता. आपण म्हणालो की नाही, हे तिला स्वतःला आठवत नव्हतं.

नाही म्हणालो असतो तर तिथेच सगळं मिटलं असतं. पोरगी घरी गेली असती, तिनंच चूक कबूल केली होती, कुणी पुन्हा विचारलं नसतं. ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी कितीतरी वेळ ओढ्याकडे बघत बसलो.

“अरे, तुझी मार्थासुद्धा तुझ्यापेक्षा लवकर उत्तर देते,” लोर्ना म्हणाली.

“म्हणालीस,” मी म्हणालो. “पोरगी थांबली होती. तू म्हणालीस, मग ती निघाली.”

तिनं कानस खाली ठेवली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा आडवा फिरवत बसली.

“मला वाटलं, जोना विचारतोय.”

“कळलं मला ते.”

“मग बोलला का नाहीस तिथेच?”

“तुझ्यासाठी गप्प बसलो, बाई.”

“माझ्यासाठी.” तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “माझं तर संपलंच होतं रे. ती कुठून येतेय ते मला कळलं नाही, तेवढ्यानंच संपलं. मी ‘ये’ म्हणाले का, ते मला माझ्यासाठी नको होतं. तिनं काय ऐकलं, ते हवं होतं.”

मी म्हणालो की ऑफिसला फक्त एवढंच सांग, उत्तर दिलं पण चुकून अवजार उचललं. थकवा होता म्हण. कानाचं कशाला काढतेस? तिनं ऐकून घेतलं. उरलेली तीन अवजारं घासून पुरी केली आणि उठली.

सहाला पाच मिनिटं कमी असताना तिनं सगळ्यांना चुलीपाशी बोलावलं. आठ मुलं, कोल्टन आणि मी. शेल्बी आपली बॅग बांधून तिच्यावरच बसली होती. तिच्यासमोर जाऊन लोर्ना खाली मातीत बसली, म्हणजे पोरगी उंच आणि ती ठेंगणी झाली.

“शेल्बी, तू ‘येऊ’ विचारलंस. मी ‘ये’ म्हणाले. तू बरोबर ऐकलंस.”

शेल्बी बॅगेचा पट्टा ओढत राहिली.

मग लोर्नानं सगळ्यांना कानाचं सांगितलं. कधीपासून, किती, आणि आपण ते लपवलं हेही. त्यात गयावया नव्हती. चर कसा खणायचा ते सांगताना ती जशी बोलते, तशीच बोलली. नियम मी तुम्हाला शिकवला, म्हणाली, आणि दीड वर्ष मीच तो मोडत होते. जोना रडायला लागला. आपण डास मारत बसलो म्हणून हे झालं, असं त्याला वाटत होतं, आणि त्याला समजावण्यात कोल्टनची दोन-तीन मिनिटं गेली.

“नक्की म्हणालीस ना?” शेल्बीनं विचारलं. तिचा आवाज रागाचा होता. “कारण मी ऐकलं होतं. मी स्वतः ऐकलं होतं. मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले आणि मला वाटलं, नसेलच. नेहमीसारखं आपल्यालाच काहीतरी वाटलं असेल.”

“नक्की. डेलनंही ऐकलं.”

पोरगी वळली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“मग तू का नाही बोललास?”

चौसष्ट वर्षांच्या माणसाकडे या प्रश्नाला काहीतरी उत्तर असायला हवं. चूक झाली, एवढं मी म्हणालो. ती ठीक आहे म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं.

सहा वाजता लोर्नानं स्वतःच वायरलेस घेतला. पलीकडच्या बाईला कानाचंही सांगितलं, सगळ्यात आधी तेच. मग निरोप आला की उद्या शेजारच्या खोऱ्यातून दुसरी प्रमुख येईल, तोवर काम बंद, आणि लोर्नानं अवजाराला हात न लावता सकाळी खाली यायचं. शेल्बीनं दवाखान्यात जाऊन यावं, परवा तिला परत वर पोचवतील. “समजलं,” लोर्ना म्हणाली आणि यंत्र कोल्टनच्या हातात दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं. मग मॅकरोनी शिजली आणि सगळ्यांनी खाल्ली. पोरांना कशानंही भूक लागतेच.

सकाळी आम्ही तिघं निघालो. खेचरांची पाठ रिकामी होती, पण लोर्नाला बसायला नको होतं. मी मागे, मार्थाचा लगाम धरून, आणि पुढे त्या दोघी बरोबरीनं. खालचा मैलभर रस्ता तिथे रुंद आहे. पोरगी तिच्या डाव्या बाजूनं चालत होती. मग शेल्बीनं काहीतरी विचारलं. तिसरी पायरी अर्धी राहिली आहे, तिचा दगड मागून किती पुरायचा, असं काहीतरी. लोर्ना तशीच चालत राहिली.

मी तोंड उघडणार होतो. पण पोरगीनं तिला हात लावला नाही, की आवाजही चढवला नाही. ती दोन पावलं मागे राहिली, लोर्नाच्या पाठीमागून उजव्या अंगाला गेली, आणि तोच प्रश्न तिनं पहिल्यापासून पुन्हा विचारला.

लोर्ना थांबली. खांद्यावरची पिशवी तिनं खाली ठेवली आणि दोन्ही हात हवेत धरून दगड केवढा, त्यातला मातीत किती आणि वर किती, ते दाखवायला लागली. शेल्बीनं पट्टी बांधलेला हात सांभाळत आपलेही हात तसेच धरले. लोर्नानं ते थोडे जवळ आणले. मी खेचरं थांबवली आणि त्यांचं होईपर्यंत उभा राहिलो.