मालेकवरचं गाणं

कीर नदीपलीकडचं कुरण आमचं की तिथे गाई चारणाऱ्या दुसऱ्या टोळीचं, यावरून यंदाही बंदुका निघाल्या होत्या. कुओलआजोबांनी आमच्या तरुणांना बजावलं, "कोणीही नदी ओलांडायची नाही. तिकडचं गवत संपत आलंय. ते आपणहून निघून जातील."

पण लढायला न जाणाऱ्यांवर मुलींनी गाणं रचायची आमच्याकडे रीत आहे, आणि माझ्याइतकं झटपट गाणं आख्ख्या वर्गात कोणाला जमत नाही! मी चुलतभावावरच रचलं: शत्रू आपल्या कुरणात गाई चारतोय आणि मालेक झाडाखाली काडीने दात घासतोय. पाणवठ्यावर मुलींनी ते असं काही उचललं, की माझे पाय जमिनीवर नव्हते.

दुपारी मालेक बंदूक घेऊन निघाला. मागोमाग त्याचे मित्र. मी धावले.

"अरे दादा, थट्टा होती ती! आजोबांनी काय सांगितलंय?"

"आजोबांचं लग्न झालंय गं. हे गाणं ऐकून मला कोण मुलगी देईल?" तो हसला, पण माझ्याकडे न बघताच पाण्यात उतरला.

पलीकडून गोळ्यांचे आवाज आले, तेव्हा त्याची आई अंगणात ज्वारी कांडत होती. तिचं मुसळ थांबलं.

"ते गाणं कोणी रचलं गं, पोरींनो?"

"हिने, काकू!" मैत्रिणींनी कौतुकाने मला पुढे ढकललं.

मी पुढे झाले, पण काकूच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.