ऐंशीवी कडी

खोक्यात जोडायच्या छोट्या रणगाड्याच्या एका पट्ट्याच्या ऐंशी कड्या होत्या, दुसऱ्याच्या ऐंशी आणि वर सहा जादा. एकेक कडी करंगळीच्या नखाहून लहान. ती प्लास्टिकच्या चौकटीतून कातरून काढायची, कातरल्या जागी राहिलेला कोंब घासायचा आणि बारीक पिनेने शेजारणीला अडकवायची. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे डोळ्यांना बारीक कामाची सवय आहे. हातांवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. निवृत्तीनंतर मी तीन विमानं आणि एक जहाज केलं होतं. जहाज अजून एका अंगाला कललेलंच आहे.

रणगाडा उस्तादांसाठी होता. उस्ताद वरच्या मजल्यावर मुलीकडे राहायचे. तरुणपणी ते सैन्याच्या कार्यशाळेत रणगाड्यांचे मिस्त्री होते. काचबिंदूने डोळे गेले होते आणि आता छातीही साथ देईनाशी झाली होती. एकदा जिन्यात त्यांची मुलगी मला म्हणाली, "काका, डॉक्टरांनी हात टेकलेत. आणि बाबांचं एकच टुमणं, एकदा रणगाड्याला हात लावायचाय. आता रणगाडा कुठून आणू मी, भाजीबरोबर?"

"लहान चालेल का?" मी विचारलं आणि विचारल्याबरोबर पस्तावलो.

रोज दुपारी मी झालेलं काम ताटात ठेवून वर न्यायचो. उस्ताद उशांना टेकून बसलेले असायचे.

"आणा पंडित, आणा पेशंटला." जिन्यातल्या सूचनेमधले ऱ्हस्वदीर्घ मी एकदा लाल पेनने दुरुस्त केले होते, तेव्हापासून मी पंडित. "आज पट्ट्यांना कोणता रंग दिलात?"

"गंजाचा. सगळ्या कड्यांना."

"सगळ्या? म्हणजे भंगारातच काढलात की! अहो, चालता रणगाडा गंजत नाही. उभा राहिला की गंजतो. पट्टा जमिनीला घासतो तिथे चकाकला पाहिजे, दाढीच्या पात्यासारखा."

मी खाली येऊन पुन्हा सुरुवात केली. आधी काळपट तपकिरी हात दिला, मग अगदी पातळ केलेला गंजाचा रंग फक्त कोपऱ्यांत सोडला आणि कड्यांच्या उंचवट्यांवर मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं. चिखलासाठी कुंडीतली माती फडक्यातून चाळली, तिच्यात प्लास्टर आणि रंगाची पूड मिसळली, डिंकाच्या पाण्यात कालवून जुन्या ब्रशने थापली. चिखल वाळला तसा कडांना फिकट झाला, अगदी खऱ्यासारखा. दोन्ही पट्ट्यांना पंधरा दिवस लागले. चाकांवरून जाताना पट्टा मध्येच खाली झुकायचा, त्याला छान झोळ आला होता. पुस्तकांतल्या फोटोंत मी तसा पाहिला होता. आयुष्यात एखादं काम आपल्याला जमलं असं मला फार क्वचित वाटलंय. त्या दिवशी वाटलं.

उस्तादांनी चिखलावरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग पट्ट्याच्या झोळाखाली बोट घातलं. बोट तिथेच राहिलं.

"एक कडी जास्त आहे."

"माहितीपत्रकात ऐंशीच लिहिल्यात."

"ते नव्या पट्ट्याचं. चालून चालून पट्टा लांबतो, पंडित. मग मागचं चाक खाचेखाचेने मागे सरकवून तो ताणायचा. चाक शेवटच्या खाचेला टेकलं की पुढे ताणायला जागा नाही. मग एक कडी काढायची. दोन्हीकडची." त्यांना धाप लागली. "काढा. आणि काढलेल्या दोन्ही कड्या मला आणून द्या. हातात."

चेष्टेचा सूर कुठे गेला ते मला कळलं नाही. दाराशी त्यांची मुलगी हळूच म्हणाली, "काका, जरा लवकर करा हं."

उजव्या पट्ट्याची कडी मी काढली. पिन ढकलताच आजूबाजूच्या दहाबारा कड्यांवरचा चिखल सुकलेल्या खपलीसारखा गळून पडला. तो पुन्हा बसवायला चार दिवस गेले आणि नव्या-जुन्या चिखलाचा रंग काही केल्या जुळेना. डाव्या पट्ट्याला हात लावायचा धीर मला झाला नाही. मी एक सोपी गोष्ट केली. डाव्या बाजूचं मागचं चाक शेवटच्या खाचेत सरकवलं. झोळ दिसेनासा झाला. मग जादाच्या सहा कड्यांतली एक कातरून घेतली. तिला रंगसुद्धा दिला नाही. डोळे नसलेल्या माणसासाठी कशाला, असा विचार मी केला. हे लिहिताना लाज वाटते, पण केला.

पाचव्या दुपारी मी दोन्ही कड्या उस्तादांच्या तळहातावर ठेवल्या.

त्यांनी एक चिमटीत धरली. अंगठ्याने खरखर चोळली, नखाने चिखल उकरला, वास घेतला. मग दुसरी धरली. तिच्यावरून अंगठा एकदाच फिरला.

"ही कोरी आहे," ते म्हणाले.

मी ताट त्यांच्याजवळ सरकवलं.

"डावीकडची ना?" त्यांनी ताटातला रणगाडा चाचपला. मागच्या चाकाशी बोट गेलं. "चाक शेवटच्या खाचेत. आणि कडी भांडारातली." ते हसले की खोकले ते मला कळलं नाही. "पंडित, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. चुकलंच माझं. चिखल मोडेल म्हणून..."

"मला वाटत होतं जगात मी एकटाच."

मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली होती. त्यांनी तिला हाताने बाहेर जायला सांगितलं, दार ओढून घ्यायला लावलं आणि मग बोलले. मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत, पण आवाज सपाट.

"लढाई तोंडावर होती. सकाळपासून पाच रणगाडे झाले होते. सहाव्याची एका बाजूची कडी काढली. दुसरी बाजू राहिली. हातात ताकद होती, उजेड होता, हत्यारं होती. कंटाळा आला होता, बाकी काही नाही. चाक शेवटच्या खाचेत सारलं आणि भांडारातून कोरी कडी आणून साहेबांच्या टेबलावर आपटली. म्हटलं, ही घ्या काढलेली. साहेबांनी कडीकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद पुढे केला, मी सही केली."

"मग?"

"मग तिसऱ्या दिवशी चिखलात वळताना पट्टा उतरला. पट्टा उतरला की रणगाडा म्हणजे नुसती लोखंडी खोली. जागच्या जागी उभी. समोरून तोफा. आत चौघे होते."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढत होतं. ते बंद होईपर्यंत उस्ताद थांबले.

"चौघांपैकी चालक रोज माझ्या डब्यातलं खायचा. म्हणायचा, उस्ताद, तुमचा हात लागला की मी आत झोपूनसुद्धा गाडी चालवीन."

"चौकशी झाली नाही?"

"झाली ना. सगळं जळून वितळलं होतं, त्यात कड्या कोण मोजणार? चौकशीत माझा कागद सगळ्यांत नीटनेटका निघाला."

मीही छापखान्यात न वाचलेल्या मुद्रितांवर सह्या केल्या आहेत. ते त्यांना सांगावंसं वाटलं, पण माझ्या चुकांनी कुणी मेलं नव्हतं. 

"काढा," उस्ताद म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

मी खाली जाऊन चिमटा, सुई आणि कटर घेऊन आलो, पलंगावर वर्तमानपत्र पसरलं. पिन निघेना. सुई दोनदा घसरली. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा शेजारच्या कडीचा कान तुटला, पट्टा सुटला आणि चाकांवरून सळसळत खाली आला. वर्तमानपत्रावर चिखलाचे तुकडे पडल्याचा बारीक आवाज झाला.

"उतरला ना?"

"उतरला."

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. मिटले काय, उघडे काय, सारखंच होतं, तरी मिटले. मी म्हणालो, "एक कडी तुटलीय. ती आणि काढायची ती, दोन्ही गेल्या तर पट्टा पुरणार नाही. खालून जादाची आणतो."

त्यांनी मूठ उघडून पुढे केली. आत कोरी कडी होती.

"हिला लावा. आता तरी कामाला येऊ दे."

तुटलेली कडी काढली, जादा होती ती काढली, कोरी अडकवली. चाक दोन खाचा पुढे घेतलं, पट्टा चढवला, चाक पुन्हा एक खाच मागे. उस्तादांनी रणगाडा मांडीवर घेतला आणि कोऱ्या कडीच्या पुढच्या कडीपासून बोट सरकवायला लागले. "मोजा," म्हणाले. त्यांचं बोट चालत होतं आणि मी मोठ्याने मोजत होतो. चिखल, चिखल, चिखल. एकोणऐंशीला बोट गुळगुळीत कडीवर येऊन थांबलं.

त्यांनी वरून पट्टा दाबून पाहिला. तेवढाच झुकला, जेवढा झुकायला हवा होता.

"किती वेळ लागला?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "खाली जाऊन हत्यारं आणली ते धरून? वीस-पंचवीस मिनिटं."

"वीस-पंचवीस मिनिटं," ते म्हणाले. रणगाडा माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.