खाराच्या बरणीतला दात

मैनाबाई बावनकरांचं लिंबाचं लोणचं अख्ख्या हुडको कॉलनीत फिकं म्हणून गाजलेलं होतं. एकदोन वर्षं नाही, चांगली सोळा वर्षं. मिठाच्या खारात लिंबं बुडवायची, वर वजनाला दगड ठेवायचा, बरणीचं तोंड फडक्यानं बांधायचं, आणि महिन्याभरानं उघडावं तर लिंबं अशी मवाळ, की आंबटपणा गेला कुठं ते देवालाच ठाऊक. म्हातारी लिंबूवाल्याला शिव्या घाली, मिठाला नावं ठेवी. दगडाचा संशय कुणाला आला नाही. दगडावर कोण कशाला संशय घेतो?

त्या मंगळवारी नातीनं, उन्नतीनं, रिकामी बरणी धुवायला घेतली आणि दगड हातात येताच ती अशी किंचाळली, की मैनाबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं.

"आजी, दात! दगडातून दात निंगला!"

"अवं बापा! कुत्र्याचा हाय का वो? माह्या लोणच्यात कुत्र्याचा दात?"

"कुत्र्याचा एवढा असते का? पाह्य तर खरं!"

दात अंगठ्यापेक्षा मोठा होता. त्रिकोणी, तपकिरी, पाजळल्यासारखा चकचकीत. मुळाशी दोन फाटे आणि दोन्ही कडांना एकेक इवलासा सुळा. उन्नती दुर्गच्या कॉलेजात भूविज्ञान शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. पोरगी मूळची हुशार, पण त्या घडीला तिचं डोकं असं काही धावलं, की तिचं तिलाच नवल वाटलं. दगड चुनखडीचा. चुनखडीवर ॲसिड टाकलं की ती फसफसून विरघळते, हे तिनं प्रॅक्टिकलला दहादा पाहिलं होतं. आणि लिंबाचा रस म्हणजे दुसरं काय? सोळा वर्षं लिंबं दगड खात होती, दगड त्यांचा आंबटपणा खात होता, आणि आत दडलेला दात तेवढा खायचा राहिला होता.

तिनं हे समजावून सांगितलं तेव्हा मैनाबाई मटकन पाटावर बसल्या.

"म्हंजे लिंबं चांगलेच होते?"

"हाव, आजी."

"अन् मी त्या गरिबाले सोळा वर्सं शिव्या देऊन राहिली!"

उन्नती हसत हसत बाहेरच्या खोलीत धावली. तिथं आजोबा, भैयालाल, पेपर वाचत बसले होते. "आबाजी, हा दगड कोणी आणला होता?"

"मीनं."

"कुठून?"

"नंदिनीच्या खदानीजवळच्या नाल्यातून," आबाजी म्हणाले. पेपर काही त्यांनी खाली घेतला नाही.

आता भैयालाल बावनकर म्हणजे काय माणूस, ते सांगायला हवं. तुमसरकडच्या खेड्यातून आलेला, पोलादाच्या प्लांटच्या यार्डात दगडाच्या वॅगनी रिकाम्या करण्यात चौतीस वर्षं घालवलेला. त्यांच्याजवळ बढाई मारायला एकच गोष्ट होती: प्लांटमधला खिळासुद्धा आपल्या घरात आला नाही. शेजारी कुणाच्या खिडकीला प्लांटचा लोखंडी पट्टा दिसला, की हे रस्त्यात उभे राहून त्याची हजेरी घेत. निरोप समारंभात साहेबांनी हीच गोष्ट माइकवरून सांगितली होती, आणि त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आबाजींनी ती स्वतःच्या तोंडानं सांगितली. ऐकणारे कंटाळले, पण खोडून काढायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्नतीनं दगड रुमालात गुंडाळून कॉलेजात नेला. भूविज्ञानाच्या प्रेमला मॅडमनी भिंग लावलं, दगड उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिलं.

"उन्नती, हा शार्क आहे गं!"

"सच्ची, मॅडम?"

"मगरीचा दात सुळक्यासारखा गोल असतो, आतून पोकळ. हा बघ, चपटा. मुळाचे दोन फाटे बघ. कडा गुळगुळीत, करवतीसारख्या नाहीत. आणि हे बाजूचे छोटे सुळे! ही जात कधीच संपली. पाच कोटी वर्षांच्या आसपासचा असणार." मॅडमनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली, की ती टेबलावरच आदळली. "शनिवारी रायपूरचे शास्त्रज्ञ येतायत आपलं प्रदर्शन बघायला. मधल्या पेटीत हाच ठेवायचा, तुझ्या नावानं! मिळाला कुठं?"

"नंदिनीला."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"नंदिनीचा, जामुलचा, हा आपल्याकडचा सगळा चुनखडक शंभर कोटी वर्षांच्या घरातला आहे. तेव्हा दात असलेला एक जीव पृथ्वीवर नव्हता. आणि आपला दगड करडा असतो. हा पिवळट आहे."

मागून अंकुर नावाचा एक आगाऊ पोरगा बोललाच, "ऑनलाइन मंगवाया होगा, मॅडम!" वर्ग खो खो हसला. उन्नतीची कानशिलं तापली.

मॅडम हसल्या नाहीत. "मी तुला खोटी म्हणत नाही. पण जागा चुकली आहे. जागेशिवाय दात म्हणजे शोभेची वस्तू, आणि चुकीच्या जागेचा दात म्हणजे फसवणूक. शनिवारपर्यंत खरी जागा आण."

घरी येऊन तिनं आबाजींना पुन्हा विचारलं, तर ते असे उखडले, की विचारू नका. "म्हंजे मी खोटं बोलून राहिलो का? कालची पोट्टी मले जागा शिकवते!" दात मात्र त्यांनी हातात घेतला नाही. तिनं समोर धरला तर मान फिरवली.

तिनं स्वयंपाकघरात आजीला गाठलं. मैनाबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "नाल्यातला कायचा? मीनं खारासाठी चांगला दगड मांगला होता, अन् हे ड्यूटीवरून आले तं डब्यातून काढून देल्ला. मी म्हणलं, डबा कावून इतका जड?"

डब्यातून! उन्नतीनं पुस्तकं उपसली. प्लांटमधल्या लोखंडाच्या भट्टीला नंदिनीचा दगड चालतो. पण पोलाद करायच्या विभागाला वाळूचा अंश कमी असलेला, अधिक शुद्ध चुनखडक लागतो, आणि तो वॅगनींनी थेट जैसलमेरहून येतो. पिवळट रंगाचा! आज तिथं वाळवंट आहे, पण पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. उन्नती खुर्चीवरून टुणकन उठली. तिला नाचावंसं वाटत होतं. सगळं जुळलं होतं, रंग, वय, समुद्र, सगळं!

"आबाजी!" ती बाहेर धावली. "तुमच्या यार्डात राजस्थानचा दगड बी येत होता ना?"

आबाजींनी पेपर तोंडासमोर आणखी वर धरला. उन्नती तिथंच थबकली, आणि मग तिला कळलं की आपण काय विचारून बसलो.

वॅगनीतला दगड प्लांटचा. डब्यात घालून गेटच्या तपासणीतून तो बाहेर काढला होता आबाजींनी. त्या आबाजींनी! दगड तो केवढासा, पोळपाटाच्या निम्माही नाही. पण ज्यानं एका लोखंडी पट्ट्यावरून शेजाऱ्याची अब्रू रस्त्यावर आणली, त्याला दगड काय आणि दागिना काय? तिला म्हाताऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. पुढे तिनं त्यांना एक शब्द विचारला नाही; मॅडमची शनिवारची अट तेवढी आजीला सांगितली.

शनिवारी सकाळी ती मॅडमसमोर उभी राहिली. "जागा माहीत नाही, मॅडम."

"माहीत नाही, की सांगायची नाही?"

उन्नतीनं रुमालातला दगड पुढे केला. मॅडमनी तो घेतला. मधल्या पेटीत मात्र न ठेवता टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. रायपूरचे पाहुणे आले, बाकीच्या पेट्या पाहू लागले. अंकुर भुवया उडवत समोरून दोनदा गेला. उन्नतीनं रडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तरी डोळे भरून आलेच.

तेवढ्यात दारात खाकरणं ऐकू आलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले आबाजी उभे होते, घामानं निथळलेले. मागे मैनाबाई पदरानं वारा घेत होत्या.

"मॅडम कोन हाय जी इथं?"

"मी. बसा ना काका."

"बसाले नाई आलो. त्या दाताची जागा लिवाले आलो." आबाजींचा आवाज यार्डातल्यासारखा मोठा होता, सगळा हॉल वळून पाहायला लागला. "लिवा जी. जैसलमेरचा दगड. प्लांटच्या वॅगनीतून भैयालाल बावनकरनं चोरला. डब्यात घालून."

"आबाजी, राहू द्या ना," उन्नती पुटपुटली.

"कावून राहू देऊ? सोळा वर्सं सांगून राहिलो, मी असा अन् मी तसा. तू मले वाचवाले खोटी ठरून राहिली, अन् मी घरी पेपर वाचू?" मग ते मॅडमकडे वळले. "पोट्टी खरी हाय. लिवलं का?"

मॅडमनी पेन उघडलं. रायपूरचे एक वयस्क शास्त्रज्ञ पुढे आले, भिंगातून दात पाहिला, दगडाचा रंग पाहिला, आणि म्हणाले, "जैसलमेर! बिल्कुल ठीक." मॅडमनी चिठ्ठीवर जागा लिहिली, खाली लिहिलं, "आणणारे: भैयालाल बावनकर. ओळख: उन्नती बावनकर." 'चोरला' हा शब्द काही त्यांनी लिहिला नाही. आबाजींनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, आणि त्या शब्दासाठी मॅडमशी पाच मिनिटं भांडले. शेवटी 'न विचारता' एवढं लिहवून घेतलं तेव्हा कुठं गप्प झाले.

मग त्यांनी हात पुढे केला. उन्नतीनं दगडासकट दात त्यांच्या तळव्यावर ठेवला. सोळा वर्षांत पहिल्यांदा ते त्या दगडाकडे न घाबरता पाहत होते, आणि बघता बघता त्यांचे डोळे लहान पोरासारखे मोठे झाले.

"काय धार हाय, बापा! मॅडम, हा मासा कितीक मोठा असन?"

"आठ-नऊ मीटर सहज."

"म्हंजे बारा पावलं!"

आबाजी भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि मोठ्यानं मोजत निघाले. एक, दोन, तीन. पाहुणे बाजूला सरकले, अंकुरनं खुर्ची ओढून वाट करून दिली. नऊ पावलांवर समोरचं दार आलं, तरी मासा संपला नव्हता. उन्नतीनं धावत जाऊन दार उघडलं, आणि आबाजी मोजत मोजत व्हरांड्यात गेले.