बटण भांडार आणि कंपनी

पेंटरला दुपारी झोप लागत नसे. मुलीच्या घरी, सहाव्या मजल्यावर, अर्धी खोली त्याच्या वाट्याला आली होती. उरलेल्या अर्ध्या खोलीत कपड्यांचं कपाट आणि नातीची जुनी सायकल. तिथे पलंगावर आडवा होऊन तो रोज गल्ली चालायला निघे. चालायचं ते मनातल्या मनात. पाय केव्हाच अर्ध्या संपावर गेले होते, आणि गल्ली तर त्यांच्याही आधी गेली होती. तिच्या जागी आता आठ पदरी रस्ता होता, ज्यावरून जाणाऱ्या एकाही माणसाला तिथे थांबायचं नसे.

गल्लीच्या तोंडाशी कुलूपवाला. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, आणि त्याच्या हट्टापायी काढलेली एक किल्ली, जी लांबून चमचाच वाटायची. पुढे आरसेवाला, त्याला लाल रंगाशिवाय काही पटत नसे. मग बूटवाला, त्याने ‘टिकाऊ’ हा शब्द दुकानाच्या नावापेक्षा मोठा लिहून घेतला होता, आणि तेवढा एक शब्दच टिकला. मग दोन सख्खे भाऊ, चष्मेवाले. दुकानं भिंतीला भिंत लागून आणि एकमेकांचं तोंड बघणं बंद. दोघांनीही पाटीवर ‘मूळ दुकान हेच’ असं लिहून घेतलं, आणि पेंटरने दोघांनाही ते सारख्याच मनापासून लिहून दिलं. माणसांचे चेहरे त्याला आता नीट आठवत नसत. अक्षरं मात्र काना-मात्रेसकट आठवत.

अडतीस दुकानं, अडतीस पाट्या, सगळ्या त्याच्या हातच्या. सदतीस भंगारात गेल्या. अडतिसावी पलंगासमोरच्या भिंतीवर होती. पिवळ्या जमिनीवर निळी अक्षरं, अख्खा पत्रा व्यापणारी: बटण भांडार. इतकं देखणं काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. पाडापाडीच्या आदल्या दिवशी त्यानेच शिडी लावून तिचे स्क्रू काढले होते. लोक म्हणाले, पेंटरचा जीव अडकलाय त्या पाटीत. पेंटरने कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

धंद्यात त्याचे दोन नियम होते आणि दोन्ही गल्लीला तोंडपाठ होते. पहिला, जुनी पाटी नव्याने रंगवायची तर आधी पत्रा कोरा करायचा. खरडपट्टीच्या पात्याने सगळा रंग काढायचा, काचपेपर मारायचा, पत्रा आरशासारखा दिसला की मगच अस्तराचा पहिला हात. "रंगावर रंग मारणारे चोर असतात," असं तो कुणीही न विचारता सांगायचा. दुसरा नियम, उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात महिना आणि साल टाकायचं. लोकांना वाटायचं सही आहे. सही कसली, ते ढाल म्हणून होतं. "परवाच तर रंगवली, इतक्यात उडाली?" म्हणत गिऱ्हाईक भांडायला आलं की पेंटर त्या कोपऱ्यावर बोट ठेवायचा. परवा म्हणजे आठ वर्षांपूर्वी, हे तिथे लिहिलेलंच असे. पाटी नव्याने रंगली की साल नवं. साल रंगाचं असतं, दुकानाचं नसतं, यात पेंटरला कधी काही वावगं वाटलं नाही.

सोमवारी दुपारी वहिनी आल्या. बटण भांडारच्या वहिनी. त्यांचा नवरा पेंटरचा दोस्त, म्हणून या वहिनी आणि पेंटर त्यांचा भावजी. नवऱ्यामागे सोळा वर्षं त्यांनी एकटीने दुकान चालवलं होतं. आता त्या बहिणीच्या घरी राहत आणि एका कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शर्टांना बटणं लावत. ज्या बाईने अर्ध्या शहराला बटणं विकली, तिला आता दुसऱ्याची बटणं मोजून मिळत.

"लिफ्ट बंद आहे," त्या दम खात म्हणाल्या. "सहा मजले चढले. पाणी द्या आधी."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. नव्या बाजारात जुन्या दुकानदारांना गाळे द्यायचं ठरलंय. अट एवढीच की दुकान पंचाऐंशी सालाच्या आधीपासूनचं हवं, आणि तसा काहीतरी पुरावा हवा. वहिनींचे सगळे कागद काउंटरच्या खणात होते, आणि ज्या सकाळी नोटिशीतल्या दुपारची वाट न बघता बुलडोझर आला त्या सकाळी काउंटर खणासकट त्याच्या पोटात गेला. गुरुवारी पालिकेत सुनावणी. शेवटची.

"साहेब म्हणाले, फोटो, पावती, पाटी, काहीही चालेल. मला एकदम तुमची आठवण झाली. पाटी द्याल का दोन दिवस? गाळा मिळाला तर मी बसून काम करेन हो, भावजी. माझे डोळे गेलेत त्या सुईपायी."

पेंटरने पाटीकडे बघितलं. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘मे ९१’ होतं. वहिनींना चष्म्यातूनही ते दिसणं शक्य नव्हतं.

"मीच येतो घेऊन," तो म्हणाला.

तीन दिवस तो गल्ली चालला नाही. नुसता पाटीकडे बघत पडून राहिला. मे एक्याण्णव त्याला लख्ख आठवत होता. दोस्त जाऊन महिना झाला होता. तेव्हाची पाटी जुनी, पांढरी, तिच्यावर लाल अक्षरांत दोन ओळी: ‘बटण भांडार’ आणि खाली ‘आणि कंपनी’. दुकानात काम करणारा माणूस एकच, पण दोस्ताने हट्टाने कंपनी लिहून घेतली होती. "कंपनी म्हणजे कोण रे?" असं विचारलं की तो आत हिशेब करत बसलेल्या बायकोकडे मान वळवायचा आणि ती लाजून खोटं खोटं रागवायची. तो गेल्यावर वहिनी पाटी घेऊन पेंटरकडे आल्या. म्हणाल्या, "कंपनी आता कुठे राहिली? काढून टाका ते. नुसतं बटण भांडार करा." पेंटर म्हणाला, पत्रा कोरा करून देतो. आणि त्याला खरंच तसं करायचं होतं. पण नव्या वस्तीतल्या तीस पाट्यांचं काम अंगावर होतं, हात दुखत होता, आणि त्याच्या मनात आलं की दुःखातली बाई, ती काय बघायला येणार आहे. त्याने सरळ पांढऱ्यावर पिवळा मारला. मग त्या चोरट्या पिवळ्यावर आयुष्यातली सगळ्यात चांगली अक्षरं काढली, बहुधा लाज वाटली म्हणूनच.

पाटी न्यायला आलेल्या वहिनींनी विचारलं होतं, "सगळं गेलं का?" तो म्हणाला होता, "एक टिपका ठेवला नाही."

न घासलेल्या रंगावर मारलेला रंग कधी ना कधी पोपडे धरतोच. त्यानंतर गल्लीतून जाताना पेंटर दर वेळी मान वर करून ती पाटी बघायचा. वहिनींना वाटायचं, दोस्ताची आठवण येते. कधी चहा पाजायच्या.

गुरुवारी सकाळी त्याने पाटी जुन्या चादरीत बांधली. मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातून खरडपट्टी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. वापरायचीच असं त्याने ठरवलेलं नव्हतं. साहेबाचं लक्ष कोपऱ्याकडे गेलंच नाही तर वेळ येणार नाही, असा एक भाबडा हिशेब होता.

पालिकेत वहिनी आधीच येऊन बसल्या होत्या. साहेब तरुण होता, बोलायला सभ्य होता आणि डोळ्यांनी तेज होता. चादर सोडल्यावर तो पाटीचं कौतुक करेल असं पेंटरला उगाचच वाटलं. साहेबाने थेट कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मे एक्याण्णव. म्हणजे सहा वर्षं उशिराचं."

"ते रंगाचं साल आहे," पेंटर म्हणाला. "दुकान आधीपासूनचं. पाटी पुन्हा रंगवली तेव्हाचं हे."

"असेल. मग खाली जुना रंग असणार ना? तो दाखवता येईल?"

पेंटरने तोंड उघडलं, पण वहिनींनी त्याच्या आधी उत्तर दिलं, आणि तेही मान ताठ करून. "खाली काही नाही साहेब. हे पत्रा कोरा केल्याशिवाय ब्रश लावत नाहीत. अख्ख्या गल्लीला विचारा."

"गल्ली नाहीये ना आता," साहेब म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याने फाइल बंद केली आणि वर दोरा गुंडाळायला घेतला. "आजी, मी काही करू शकत नाही. दुसरं काही सापडलं असतं तर बघितलं असतं."

वहिनींनी हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद सारखे केले. ते बंद आधीच सारखे होते. पेंटरला वाटलं, गप्प बसलो तर हे इथेच संपेल; गाळा जाईल, पण त्या खोलीत परत जाऊन पाटी भिंतीवर लावता येईल, आणि या शहरात एक तरी माणूस आपल्याला सच्चा म्हणत राहील. त्याला या विचाराचाच कंटाळा आला.

"खाली आहे," तो म्हणाला.

"काय?"

"जुना रंग. मी खरडला नव्हता."

वहिनींनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "भावजी, माझ्यासाठी खोटं नका बोलू. गेला गाळा तर गेला. या वयात तुमच्या नावाला बट्टा कशाला?"

"खोटं तेव्हा बोललो होतो, वहिनी."

त्याने खरडपट्टी काढली. साहेबाने टेबलावरच्या फाइली बाजूला केल्या आणि खाली एक वर्तमानपत्र अंथरलं. पेंटरने कोपऱ्यात, ‘मे ९१’च्या कडेने, पात्याचं टोक घातलं. मेहनतीने घासलेल्या पत्र्यावरचा रंग असा निघत नाही. हा मात्र पापुद्रा सुटावा तसा सुटत गेला. खाली पांढरं दिसलं, मग बारीक लाल अक्षरं: ‘मार्च ७९’.

साहेब वाकून बघत होता. "साल ठीक आहे. पण पत्रा दुसऱ्या कुणाचा असेल, जुना आणून रंगवला असेल, असं वरचे लोक विचारतील. नाव दिसायला हवं."

नाव मोठ्या निळ्या अक्षरांच्या खाली होतं. पेंटरने एकदा पाटी लांब धरून बघितली, नवी पाटी गिऱ्हाइकाला देण्याआधी बघायचा तशी. मग टेबलावर ठेवून ‘ण’पासून सुरुवात केली. निळं आणि पिवळं एकत्र निघत होतं, वर्तमानपत्रावर पडत होतं, त्याच्या बाहीला चिकटत होतं. ‘ट’ गेला. ‘भां’चा खालचा भाग गेला. पातं पांढऱ्याला कुठे लागलं नाही. तेवढी विद्या शिल्लक होती. मधल्या पट्ट्यात ‘बटण भांडार’ लाल अक्षरांत वर आलं. साहेब म्हणाला, "पुरे, एवढं पुरे." पेंटर थांबला नाही. त्याने खालची ओळही मोकळी केली.

आणि कंपनी.

वहिनींनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"हे इथेच होतं?"

"हो."

"मी खाली बसायचे तेव्हा?"

"सगळा वेळ."

साहेबाने पाटीचा फोटो काढला, फाइलीचा दोरा पुन्हा सोडला आणि पेन उघडलं. "दुकानाचं नाव काय लिहू?"

"पाटीवर आहे ते," वहिनी म्हणाल्या.

"पूर्ण?"

"पूर्ण."

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. पाटी वहिनींनी मांडीवर घेतली होती, चादरीत न गुंडाळता. सदऱ्यावरचे पिवळे कण पेंटर नखाने काढत होता. त्याला फार थकवा आला होता, सहा नाही साठ मजले चढल्यासारखा. आठ पदरी रस्त्यावर सिग्नलला बस थांबली.

"इथे बूटवाला," वहिनी खिडकीतून बघत म्हणाल्या.

"बूटवाला पुढे. इथे आरसे."

"असेल." सिग्नल सुटला, बस हलली. "मी तुम्हाला समोर उभं राहून विचारलं होतं. सगळं गेलं का, म्हणून. आणि घरी जाऊन रडले होते, गेलं म्हणून."

पेंटरचं नख बाहीवरच्या एका पिवळ्या कणाशी थांबलं.

"इतकी वर्षं मी तुमचं नाव घेऊन लोकांना सांगत होते, काम करावं तर यांच्यासारखं. चहा पाजत होते."

"हो."

"मला तुमचा फार राग आलाय, भावजी."

"यायलाच हवा."

"पण आज नको. आज दमलेय मी. उद्या-परवा येईन, तेव्हा रागावेन." त्यांनी पाटीवर अंगठा फिरवला, खालच्या ओळीवर. "लिफ्ट चालू झाली की."

त्यांचा थांबा आला. त्या उठल्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाटी. पत्रा जड होता आणि बसच्या पायऱ्या उंच होत्या. पेंटरने उठून हात पुढे केला. पाटी आता त्याच्या भिंतीवर परत येणार नाही हे त्याला कळलं होतं, पण निदान खाली उतरेपर्यंत ती धरावी असं त्याला वाटलं. वहिनींनी ती दिली नाही. छातीशी धरून त्या एकेक पायरी उतरल्या आणि खालून वर बघितलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आम्ही जातो."