परितोषबाबूंचा गॅस

परितोष भादुडींचा रक्ताचा रिपोर्ट शुक्रवारी आला आणि जामाईषष्ठी होती बुधवारी. एवढं सांगितलं तरी बंगालमधल्या चंदननगरातला कुठलाही लग्न झालेला पुरुष उसासा टाकून गप्प बसेल. जावयाला दीर्घायुष्य लाभावं म्हणून सासूने उपास धरायचा आणि जावयाने तिच्या वाटणीचंही खायचं, असा हा सण.

वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा होता दोनशे बारा. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याखाली दोन रेघा ओढल्या, रोजची एक गोळी लिहून दिली आणि हृदयाची तपासणी ह्याच आठवड्यात करा, असं बजावलं. परितोषबाबूंनी नम्रपणे मान हलवली आणि घरी येऊन आरशासमोर उभे राहिले. वजन बावन्न किलो. लाँचच्या घाटावर ते वेळापत्रक सांभाळायचे, आणि वारा सुटला की सहकारी त्यांना आधी आत बसवायचे, मग कागदांवर वजनं ठेवायचे.

"कोलेस्टेरॉलला राहायला जागा तरी पाहिजे ना," ते आरशाला म्हणाले. आरशाला पटलं. रिपोर्ट त्यांनी माकडटोपीत गुंडाळून कपाटात टाकला. जूनमध्ये माकडटोपीत कोण हात घालतं?

खरी भीती आकड्याची नव्हतीच. ती होती नदीपलीकडे राहणाऱ्या सासूबाईंची. हेमनलिनीदेवी, वय वर्षं एकोणऐंशी. सत्तावीस वर्षांत त्यांनी एक षष्ठी चुकवली नव्हती. टाळेबंदीच्या साली डबा पाठवून, फोनच्या पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "तो डावीकडचा तुकडा राहिला." अशा बाईला 'मटण नको' म्हणणं म्हणजे 'तुमची मुलगी नको' म्हणण्यासारखंच होतं.

आणि घाटाच्या पायऱ्यांचं काय? गेले दोन महिने पंधराव्या पायरीवर कोणीतरी छातीवर येऊन बसायचं. परितोषबाबू थांबायचे, नदी बघितल्यासारखं करायचे, मग तो कोणीतरी उठून जायचा. कारण उघड होतं. गॅस! त्या भागात माणसाला तीनच आजार होतात: सर्दी, गॅस आणि म्हातारपण.

बुधवारी सासूबाईंकडे ताट मांडलं गेलं. भोवती चौदा वाट्या. सासूबाई ताडपत्राच्या पंख्याने वारा घालत होत्या, शेजारी मेहुणा बुबाई, वजन एकशे दहा, आपल्या पाळीची वाट बघत होता.

"बाबा परितोष, कोळंबी तशीच आहे की."

"खातोय, मा."

"खातोस कुठे? नुसती ओळख करून घेतोयस तिच्याशी."

"जामाईबाबू, तुम्हाला जमत नसेल तर मी आहे," बुबाई म्हणाला.

"तू गप्प बैस. तुला कोणी जावई करून घेतलं नाही अजून."

पाचव्या लुचीला, म्हणजे मैद्याच्या पुरीला, छातीवर तो कोणीतरी येऊन बसला. ह्या वेळी उठेना. डावा हात जड झाला, जबडा दुखायला लागला, सदरा घामाने चिकटला. परितोषबाबूंनी वाटी खाली ठेवली आणि हळूच भिंतीला टेकले.

"गॅस!" सासूबाई म्हणाल्या.

"गॅसच!" बायको सुदेष्णा म्हणाली आणि ओवा शोधायला धावली.

"हा वरचा गॅस आहे," बुबाईने बारकावा सांगितला. "खालचा असता तर ऐकू आला असता."

मोलकरणीने बेंबीवर हिंग लावायला सुचवलं. शेजारची काकू दारातूनच "पोटावर झोपवा" म्हणाली. पाच जणांचं एकमत! मोठमोठ्या इस्पितळांतही असं होत नाही. आणि ह्या एकमताच्या मधोमध परितोषबाबूंना पहिल्यांदाच वाटलं, आपण मरणार. तेही लोकांना वाईट वाटू नये म्हणून!

मग तळमजल्यावरचे नृपेन बक्षी आले. ऐंशी वर्षांचे होमिओपॅथ. त्यांच्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांवर दोन पिढ्या वाढल्या होत्या. त्यांनी नाडी धरली.

"चढताना दुखायचं?"

"घाटावर... पंधराव्या पायरीला. थांबलं की जायचं."

"गॅसला पायऱ्या मोजता येतात का रे?"

नृपेनबाबूंनी औषधांची पेटी न उघडताच बाजूला सारली. "बुबाई, गाडी काढ. हार्टच्या इस्पितळात. आत्ता!"

"अहो डॉक्टरबाबू, दोन गोळ्या तरी द्या," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना द्यायचात तशा."

"दादांना त्याच दिल्या होत्या, बौदी. एकोणीस वर्षांपूर्वी, ह्याच खोलीत. असाच घाम होता. सगळे गॅस म्हणाले, मीही म्हणालो." म्हाताऱ्याने वहिनींकडे बघितलं. "तासाभराने काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. उशीर करू नका."

सासूबाईंचा पंखा थांबला. एकोणीस वर्षं त्या घरात 'कर्ते गॅसने गेले' असं सांगितलं जात होतं. त्या दिवशी ते वाक्य कोणालाच पुरं करता आलं नाही.

परितोषबाबू वाचले. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. तिथे जाळीची नळी बसवली. तिसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला सगळे खाटेभोवती जमले, आणि परितोषबाबूंनी माकडटोपीची हकीकत सांगून टाकली.

"आकडा लपवलात?" सुदेष्णा म्हणाली. "पगार लपवतात माणसं, हे काय लपवायचं असतं?"

"पण हा तर काडीपैलवान!" बुबाई म्हणाला. "ह्याला कसं झालं? मला व्हायला हवं होतं. माझा हक्क होता."

नृपेनबाबू स्टूल ओढून बसले. "कोलेस्टेरॉल वजन बघून येत नाही. शरीराला ते थोडं लागतंच, आपलं यकृतच ते तयार करतं. काहींचं यकृत जन्मापासून जास्त बनवतं. वाईट जातीचं वाढलं की ते रक्तवाहिनीच्या भिंतीत साचत जातं. परितोष, नदीत गाळ कसा साचतो? वरून पाणी झकास वाहताना दिसतं, लोक फोटो काढतात, आणि एका ओहोटीला लाँच रुतून बसते. गाळ त्या दिवशी आलेला नसतो."

"तशी ती नेहमी रुततेच," परितोषबाबू सवयीने म्हणाले.

"तेच. म्हणून आधी खोली मोजायची. रक्त तपासणं म्हणजे खोली मोजणं. दुखेपर्यंत थांबलास तर उशीर झालेला असतो." त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "ही माझी. दादा गेले त्या वर्षी मी जाऊन रक्त तपासून घेतलं. तेव्हापासून रोज घेतो. गोळी माझ्या पेटीतली नाही, ह्या इस्पितळवाल्यांची."

सासूबाई इतका वेळ खिडकीशी होत्या. "म्हणजे माझ्याच हातच्या जेवणाने..."

"नाही, बौदी. एका दिवसाच्या मटणाने काही होत नाही. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस होते की. रविवारच्या लुच्या, घाटावरच्या बिड्या, बसून राहणं, न घेतलेली ती गोळी. आणि तुम्हाला काय वाटेल, ही भीती."

सासूबाई खाटेजवळ आल्या. "मी उपास कशासाठी धरते रे, बाबा?"

"माझ्या आयुष्यासाठी, मा."

"आणि तू जेवायला बसलास तो जिवावर उदार होऊन? सत्तावीस वर्षं ओळखतोस मला! मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी काय तुला हाकलून दिलं असतं?"

"हो," परितोषबाबू म्हणाले.

सासूबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "दिलं असतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापुरतं." आणि मग त्या एकाएकी रडायला लागल्या. जावयासाठी रडत होत्या, की एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या तासासाठी, हे कोणी विचारलं नाही. "ह्यांनाही मी शेवटची वाटी आग्रह करूनच वाढली होती, डॉक्टरबाबू. नको म्हणत होते."

पुढच्या सोमवारी सकाळी, उपाशीपोटी, हेमनलिनीदेवी सगळं घर घेऊन रक्ततपासणीच्या दुकानात हजर झाल्या. सुदेष्णा, बुबाई, मोलकरीण, शेजारची काकूसुद्धा.

"कोणाचं रक्त घ्यायचं?" आतल्या मुलीने विचारलं.

"सगळ्यांचं. माझ्यापासून सुरुवात कर."

बुबाईचा आकडा अगदी साधा निघाला. तो दोन दिवस रुसून होता. सासूबाईंचा निघाला एकशे ब्याऐंशी. त्यांनी कागद दोनदा वाचला, जावयाला फोन लावला आणि म्हणाल्या, "बाबा, तुझी ती डॉक्टरीण कुठे बसते? मला घेऊन चल. आणि ह्या घरात यापुढे कोणी 'नको' म्हणालं, तर त्याचा अर्थ 'नको' असाच घ्यायचा. मी सगळ्यांना सांगितलंय."

मंडळी, आग्रह हे आपलंही प्रेम आहे, आणि लपवणं हे आपलंही शहाणपण. पण छातीतल्या दुखण्याला ना सासूचा मान कळतो, ना जावयाचा संकोच. अंगाने सडपातळ असा नाहीतर भरलेले, वेळेवर रक्त तपासा. डॉक्टर सांगतील ती गोळी घ्या. आणि छातीवर कोणी येऊन बसलं, तर त्याला घरच्या घरी नाव देऊ नका, इस्पितळ गाठा. ज्याचं आयुष्य वाढावं असं मनापासून वाटतं, त्याच्या ताटात वाढताना हात आवरता येणं, हाही एक उपासच आहे.