छबुबाईची जुडी

धारूरच्या बसस्टँडसमोर नाजियाचा ज्यूसचा गाडा होता. सकाळी फिरून येणाऱ्यांना ती पालक, केळं आणि सफरचंद मिक्सरमध्ये फिरवून हिरवी स्मूदी द्यायची. पालक पुरवायची छबुबाई. ही हट्टी बाई जुडीला सुतळी कधी लावायची नाही. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून गाठ मारायची. तिचं कोणतं लुगडं विरलं, ते नाजियाला जुडीवरूनच कळायचं.

"एक गिलास घ्या की, मावशी," नाजिया रोज म्हणायची.

"उद्या पिते, बाई. आज लई घाई हाय."

मागच्या सोमवारी छबुबाई गेली. नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून बायकांनी तिला हिरवं कोरं लुगडं नेसवलं. नाजिया तिथंच उभी होती.

आज तिनं गाडा उघडला, तर फळीवर पालकाची ओली जुडी. छबुबाईच्या म्हाताऱ्यानं ठेवली असणार, असं समजून तिनं न बघताच गाठ सोडली, पानं धुतली आणि मिक्सर लावला. तेवढ्यात म्हाताराच समोरून आला.

"पोरी, पालक आता दुसरीकडून घे. ती गेल्यापास्नं मी वाफ्यात पाय ठेवला न्हाई."

नाजियानं मिक्सर बंद केला. सोडलेली चिंधी फळीवर पडली होती. हिरवी, कोरी, एका कडेला जळलेली. म्हाताऱ्यानं ती उचलली आणि उलटूनपालटून पाहिली. तिच्यासंगं चितेवर गेलेलं ते लुगडं त्यानंच आणलं होतं.

नाजियानं पहिला गिलास काठोकाठ भरला आणि छबुबाई टोपली टेकवायची, त्या कोपऱ्यावर ठेवला.

"घ्या, मावशी," ती हळूच म्हणाली.